आमच्या हजार शाखा आहेत!

हायवेवर भूक लागली की आपली नजर आधी ओळखीची पाटी शोधते. ही सवय एका अख्ख्या देशाला लावली ती एका कर्जबाजारी आइस्क्रीमवाल्यानं. ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ नावाच्या अमेरिकन फॅमिली रेस्टॉरंटच्या साखळीची ही चढत्या आणि उतरत्या भाजणीची गोष्ट...

पुण्यातली ती जगप्रसिद्ध पाटी तुम्ही पाहिलीच असेल. ‘आमची कोठेही शाखा नाही.’ बाहेरगावचे लोक तिच्यावर हसतात, फोटो काढतात, फॉरवर्ड करतात. पण जरा विचार केला तर त्या पाटीमागे एक पक्कं लॉजिक आहे. मालक सांगत असतो, की बाबांनो, चव माझ्या हातात आहे आणि हात मला दोनच आहेत. तिसऱ्या ठिकाणी माझं नाव दिसलं तर तिथल्या मालाची जबाबदारी माझी नाही!

आता सीन बदला. वीकएण्ड आहे, गाडीत चार मित्र आहेत, रस्ता अनोळखी आहे आणि पोटात कावळे ओरडतायत. अशा वेळी आपण त्या एकुलत्या एक अस्सल दुकानाच्या शोधात निघतो का? नाही. आपल्याला हवी असते ओळखीची पाटी. टॉयलेट बरं असेल, चहा गरम असेल आणि बिल बघून घाम फुटणार नाही, एवढी खात्री पुरते. म्हणजे घराजवळ आपल्याला शाखा नको असते आणि हायवेवर शाखाच हवी असते. गंमत आहे ना?

या दुसऱ्या गरजेवर ज्यानं साम्राज्य उभं केलं तो माणूस म्हणजे हॉवर्ड डिअरिंग जॉन्सन. त्याचं नाव मला पहिल्यांदा भेटलं ते ‘मॅड मेन’ या मालिकेत. २०१२ साली आलेल्या तिच्या एका भागात हीरो बायकोला घेऊन एका नारिंगी छपराच्या रेस्टॉरंटमध्ये जातो, तिला आग्रहानं नारिंगी शर्बतासारखं आइस्क्रीम खायला लावतो आणि दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. भांडणापेक्षा माझं लक्ष त्या छपराकडेच जास्त गेलं. मग वाचत गेले आणि अडकलेच.

उधारीचं दुकान, दुप्पट साय

सन १९२५. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळ क्विन्सी नावाचं शहर आहे. त्यातल्या वोलॅस्टन भागात जॉन्सननं पैसे उसने घेऊन एक छोटं दुकान घेतलं. औषधं, वर्तमानपत्रं, सिगारेटी आणि कोपऱ्यात एक सोडा फाउंटन, असा सगळा मामला. वडिलांचा सिगारचा धंदा बुडालेला, डोक्यावर त्याचं कर्ज. त्या काळात ‘स्टार्टअप’ हा शब्द नव्हता, पण परिस्थिती तीच होती.

जॉन्सनच्या लक्षात आलं, की दुकानात खरी गर्दी होते ती सोडा फाउंटनवर. मग त्यानं आइस्क्रीममध्ये हात घातला. रेसिपी त्याच्या आईची होती असं काही जण सांगतात, काही जण एका जर्मन फेरीवाल्याचं नाव घेतात. ते काही असो, करामत अगदी साधी होती. इतरांच्या आइस्क्रीममध्ये असायचं त्याच्या जवळपास दुप्पट दुधाचं फॅट आणि खरेखुरे फ्लेवर. आपल्या भाषेत सांगायचं तर साय सढळ हातानं घातली. फ्लेवर वाढत वाढत २८ झाले आणि हा आकडाच कंपनीचा ट्रेडमार्क झाला.

उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर त्याचे स्टॉल लागू लागले. १९२९ मध्ये क्विन्सीच्या मुख्य चौकातल्या एका दहा मजली बँकेच्या इमारतीत पहिलं बसून जेवायचं रेस्टॉरंट सुरू झालं. आणि इथे नशिबानं चक्क नाटकवाल्यांच्या रूपात एन्ट्री घेतली.

युजीन ओनील यांचं ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ हे नाटक बॉस्टनच्या महापौरांनी अश्लील ठरवून बंद पाडलं. नाटक कंपनी उठली ती थेट क्विन्सीला आली. नाटक पाच तासांचं, त्यामुळे मध्ये जेवणाची सुट्टी. बॉस्टनहून आलेले शौकीन प्रेक्षक जेवायला जाणार कुठे? जवळच असलेल्या जॉन्सनच्या रेस्टॉरंटमध्ये! महापौरांनी नाटकावर घातलेली बंदी जॉन्सनच्या धंद्यासाठी फुकटची जाहिरात ठरली.

पैसे दुसऱ्याचे, चव माझी

पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. महामंदी आली. नव्या रेस्टॉरंटसाठी जॉन्सनला कर्ज कोण देणार? १९३५ मध्ये त्यानं एक शक्कल लढवली. केप कॉड या किनारी भागातल्या ऑर्लिन्स गावात त्याच्या ओळखीच्या एका माणसाला त्यानं सांगितलं, की जागा तुझी, पैसे तुझे, धंदा तू चालव. नाव माझं लाव आणि आइस्क्रीमसकट माल माझ्याकडून घे.

आज याला फ्रँचायझी म्हणतात आणि गल्लोगल्ली चहाच्या दुकानांपासून डायग्नोस्टिक लॅबपर्यंत सगळीकडे ती दिसते. रेस्टॉरंटच्या धंद्यातल्या अगदी सुरुवातीच्या फ्रँचायझींपैकी ही एक होती. चार वर्षांत, म्हणजे १९३९ पर्यंत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १०७ हॉवर्ड जॉन्सन्स उभी राहिली होती. मंदीच्या ऐन मध्यावर!

आता यात खरी अडचण ओळखा. पुण्याच्या पाटीवाल्या मालकाला जी भीती वाटते तीच. नाव माझं आणि हात दुसऱ्याचे, मग चव सांभाळायची कशी?

जॉन्सनचं उत्तर असं, की शाखेच्या हातात कमीत कमी ठेवायचं. पदार्थ मोठ्या मध्यवर्ती किचनमध्ये बनवायचे, तिथून ट्रकनं शाखांकडे पाठवायचे आणि शाखेनं फक्त गरम करायचे किंवा तळायचे. वाढायचं कसं, ताटलीत काय कुठे ठेवायचं, वेट्रेसनं युनिफॉर्म कसा घालायचा, या सगळ्याचं एक नियमांचं पुस्तक होतं. कर्मचारी त्याला ‘बायबल’च म्हणायचे.

तळलेल्या शिंपल्यांचं उदाहरण घ्या. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारखाच हा प्रकार, फक्त आकारानं थोराड. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर ते आख्खे, पोटासकट तळायची पद्धत. पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसाला ते बघूनच कसंसं व्हायचं. मग जॉन्सननं पुरवठादाराकडून मोठ्या शिंपल्यांच्या फक्त घट्ट भागाच्या लांबट पट्ट्या बनवून घेतल्या. पोट नाही, वाळू नाही, वास कमी. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी पोरंसुद्धा त्या मिटक्या मारत खाऊ लागली. किनाऱ्यावरच्या अस्सल खवय्यांनी नाकं मुरडली असतील, पण जॉन्सनचं गिऱ्हाईक होतं वाटेवरचं.

छप्पर दिसलं की पोरं खूश

आमच्या घरी लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या बांधल्या जायच्या. “बाहेरचं काही खाऊ नका गं, कसलं तेल वापरतात देव जाणे,” हे आजीचं वाक्य तुमच्याही घरी थोड्याफार फरकानं असणारच. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन कुटुंबांचा प्रॉब्लेम एक्झॅक्टली हाच होता. मोटार दाराशी आली होती, रस्ते होत होते, पण वाटेत खायचं कुठे? डंकन हाइन्स नावाच्या एका फिरत्या सेल्समननं भरवशाच्या खाणावळींची यादी केली आणि १९३६ मध्ये तिचं पुस्तक काढलं, तर ते धडाक्यात खपलं. यावरून गरज किती मोठी होती ते समजा.

अशा काळात जॉन्सननं इमारतच जाहिरातीसारखी वापरली. पांढऱ्या भिंती आणि भडक नारिंगी छप्पर, तेही भरधाव गाडीतून दुरूनच दिसेल असं. वर छोटा मनोरा, त्यावर वातकुक्कुट आणि इंग्रजी बडबडगीतातला सिंपल सायमन. आत गेलं की लहान मुलांसाठी वेगळं मेन्यूकार्ड, उंच खुर्च्या आणि स्वच्छ बाथरूम. छप्पर दिसलं की मागच्या सीटवरून पोरांचा गलका सुरू व्हायचा. आईबापांना ब्रेक मारण्यावाचून पर्यायच नसायचा!

१९४० मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा अमेरिकेतला सुरुवातीचा मोठा टोलरस्ता सुरू झाला. त्यावर जेवण पुरवण्याचं कंत्राट जॉन्सनला मिळालं. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवरच्या फूड मॉलचे हे पणजोबाच म्हणा ना. एकदा टोलरस्त्यावर चढलेली गाडी मध्येच खाली उतरत नाही, हे गणित त्यानं तेव्हाच ओळखलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. पेट्रोलवर रेशन, रस्ते ओस. १९४४ मध्ये मोजून १२ रेस्टॉरंट उरली. दुसरा कुणी असता तर दुकान गुंडाळलं असतं. जॉन्सननं आपली मोठी किचन्स युद्धसाहित्य बनवणारे कामगार आणि सैनिक यांच्या जेवणाकडे वळवली आणि तग धरला. युद्ध संपलं, लोक पुन्हा गाड्या काढून फिरायला निघाले आणि १९५४ पर्यंत आकडा ३२ राज्यांत सुमारे ४०० वर गेला. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना इथे पहिलं मोटर लॉज उघडलं. जेवा आणि तिथेच झोपा!

फॅमिली म्हणजे नक्की कोण?

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. पण ‘फॅमिली रेस्टॉरंट’ या शब्दातल्या फॅमिलीत सगळे नव्हते.

ऑक्टोबर १९५७. घाना हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम सात महिने झालेले. त्याचे अर्थमंत्री कोम्ला ग्बेदेमा अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. डेलावेअर राज्यात डोव्हर इथल्या हॉवर्ड जॉन्सन्समध्ये ते आपल्या सेक्रेटरीबरोबर थांबले आणि त्यांनी ऑरेंज ज्यूस मागवला. ज्यूस मिळाला, पण बाहेर नेऊन प्या, असं सांगण्यात आलं. कारण काळ्या लोकांना आत बसायची परवानगी नव्हती. ग्बेदेमांनी पैसे दिले, ज्यूस तिथेच सोडला आणि ते निघून गेले. अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन घानाला आले होते तेव्हा याच गृहस्थांनी त्यांचा पाहुणचार केला होता! प्रकरण जगभरच्या पेपरांत गाजलं आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलावून सारवासारव केली.

मंत्र्यांना निदान नाश्ता तरी मिळाला. सामान्य काळ्या कुटुंबाचं काय? त्यांच्यासाठी हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमननं १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढलं होतं. कुठे जेवता येईल, कुठे झोपता येईल आणि कुठल्या गावात गाडी थांबवायला हरकत नाही, याची यादी. म्हणजे एकाच हायवेवर काहींना नारिंगी छप्पर दिसलं की हायसं वाटायचं आणि काहींना गाडीत डबा घेऊनच निघावं लागायचं.

पुढे हीच छपरं आंदोलनाच्या जागा झाल्या. १९६२ आणि १९६३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात हॉवर्ड जॉन्सन्ससमोर मोठमोठी निदर्शनं झाली. शेकडो तरुणांना, त्यातही विद्यार्थ्यांना, अटक झाली. मागणी काय, तर आइस्क्रीम आत बसून खाऊ द्या. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला, तेव्हा कुठे देशभर हे दार कायद्यानं उघडलं.

हा भाग वाचल्यापासून हायवेवरच्या ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ या आपल्याकडच्या पाटीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलेय. एकट्या बाईला तिथे बसायला मिळतं का? आपला ड्रायव्हर कुठे बसून जेवतो? पुढच्या वेळी बघा.

राष्ट्राध्यक्षांचा शेफ बर्गर उलटतो!

साखळीच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्यांसाठी हा किस्सा. न्यूयॉर्कमधलं ‘ल पॅव्हियाँ’ हे तेव्हाचं अत्यंत नावाजलेलं फ्रेंच रेस्टॉरंट. जॉन्सन तिथला नेहमीचा गिऱ्हाईक. १९६० मध्ये त्यानं तिथले दोन शेफ थेट आपल्याकडे आणले, पिएर फ्रेनी आणि जाक पेपँ. पेपँ यांनी फ्रान्समध्ये द गॉल यांच्यासाठी स्वयंपाक केलेला. केनेडींच्या व्हाइट हाउसमधली नोकरी त्यांच्यापुढे चालून आली होती. ती नाकारून ते आले हॉवर्ड जॉन्सन्समध्ये आणि सुरुवातीला चक्क एका शाखेत बर्गर उलटत उभे राहिले, का तर आधी धंदा कळावा म्हणून.

मग त्यांनी मध्यवर्ती किचनची झाडाझडती घेतली. मार्गारिनऐवजी लोणी, सुकवलेल्या कांद्याऐवजी ताजा कांदा, सूपसाठी खरा स्टॉक. चार माणसांची रेसिपी हजारो माणसांसाठी करताना चव कुठे हरवते, हे ते दहा वर्षं तिथे शिकले. पेपँ पुढे अमेरिकेतले लाडके टीव्ही शेफ झाले आणि या नोकरीबद्दल ते कायम कौतुकानं बोलत आले आहेत.

हा कंपनीचा सोनेरी काळ. १९६५ मध्ये एकट्या हॉवर्ड जॉन्सन्सची विक्री मॅकडोनल्ड्स, बर्गर किंग आणि केंटकी फ्राइड चिकन या तिघांच्या एकत्रित विक्रीपेक्षा जास्त होती, असं सांगितलं जातं. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या सिनेमात तर अवकाशस्थानकावरसुद्धा हॉवर्ड जॉन्सन्स आहे. माणूस चंद्रावर जाताना वाटेत थांबणार कुठे, तर अर्थात इथेच!

दोन-दोन सेंट वाचवताना

मग घोडं अडलं कुठे?

१९५९ मध्ये जॉन्सननं कंपनी मुलाच्या हाती दिली. १९६१ मध्ये ती शेअर बाजारात आली. थोरल्या जॉन्सनला अचानक शाखेत जाऊन जेवायची, चव बघायची सवय होती. नव्या कारभाराचं लक्ष ताळेबंदावर होतं. दर तिमाहीला नफा दाखवायचा, तर खर्च कापायला हवा. मग कर्मचारी थोडे कमी झाले. पदार्थांतला माल थोडा स्वस्त झाला. रंगकाम पुढच्या वर्षावर गेलं. एकेकटं बघितलं तर प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच वाटतो.

दरम्यान बाहेरचं जग बदलत होतं. १९५५ मध्ये रे क्रॉकनं मॅकडोनल्ड्सची आपली पहिली फ्रँचायझी उघडली. जॉन्सनचीच युक्ती, पण २८ फ्लेवर आणि लांबलचक मेन्यूऐवजी मोजकेच पदार्थ, वेट्रेस नाही, मिनिटभरात हातात पुडा. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर नवे हायवे झाले आणि प्रत्येक एक्झिटवर स्पर्धक उभे राहिले. १९७३ चं तेलसंकट आलं आणि ज्या कंपनीचं सगळं गणित मोटारवाल्यांवर, तिच्या पोटावरच पाय आला. त्याआधीच, १९७२ मध्ये, थोरला जॉन्सन गेला होता.

गंमत म्हणजे आकडे अजून वाढतच होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी हजारावर रेस्टॉरंट आणि ५०० च्या वर लॉज होती. म्हणजे शाखांची संख्या शिखरावर असतानाच लोकांचं प्रेम आटत चाललं होतं. सेवा ढिली, जेवण महाग, छपराचा रंग उडालेला. गिऱ्हाईक भांडत बसलं नाही. ते पुढच्या एक्झिटला वळलं.

१९७९ मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल ग्रुपनं सुमारे ६३ कोटी डॉलरला कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. १९८५ मध्ये त्यांनी ती मॅरियटला विकली, साधारण निम्म्या किमतीला. मॅरियटचाही जन्म रस्त्यावरचाच, १९२७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या रूट बिअरच्या एका स्टॉलवर झालेला. पण त्यांना रस होता तो रेस्टॉरंटच्या मोक्याच्या जागांमध्ये. लॉज आणि फ्रँचायझीचा धंदा त्यांनी दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला. अनेक नारिंगी छपरं रंगवून तिथे दुसऱ्याच पाट्या लागल्या. मागे उरले ते फ्रँचायझीवाले. त्यांनी आपापल्या जिवावर खिंड लढवली आणि एकेक करत तेही थकले.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधली शाखा २००५ मध्ये बंद झाली. मेन राज्यातल्या बँगोरची २०१६ मध्ये. आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जची, म्हणजे अगदी शेवटची. हॉवर्ड जॉन्सन हे नाव आज विंडम कंपनीच्या हॉटेलांवर दिसतं. तिथे खोली मिळते. ते २८ फ्लेवर मिळत नाहीत.

चौकट : माहीत होतं का?

● वॉटरगेट प्रकरणात १९७२ मध्ये घुसखोरांचा साथीदार पाळत ठेवून बसला होता तो समोरच्या हॉवर्ड जॉन्सनच्या मोटर लॉजमध्ये!

● ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये अवकाशयान आहे ते पॅन अ‍ॅम कंपनीचं. ती विमानकंपनी १९९१ मध्येच बंद पडली. कुब्रिकच्या भविष्यात दिसलेल्या दोन बड्या ब्रँडची प्रत्यक्षातली गत ही अशी.

आणि आपण?

आपल्यापैकी बरेच जण अशा ऑफिसांत काम करतो जिथे दर तिमाहीला कुणीतरी प्रेझेंटेशनमध्ये ‘कॉस्ट’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहितं. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली ती हीच बाब. कुठला मोठा घोटाळा झाला नाही. कुणी एक व्हिलन नाही. आइस्क्रीममधल्या जास्तीच्या सायीनं जो भरवसा कमावला होता, तो बचतीच्या नावाखाली थोडा थोडा खर्ची पडत गेला आणि ताळेबंदात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. घरी परतताना वाट वाकडी करून जिथे थांबावंसं वाटायचं, तिथे लोक फक्त बाथरूमसाठी थांबू लागले. मग तेवढ्यासाठीही थांबेनात.

तेव्हा या वीकएण्डला घाट उतरून तुमच्या ठरलेल्या ठिकाणी थांबाल, तेव्हा वड्याच्या आकाराकडे आणि चहाच्या कपाकडे जरा नीट लक्ष द्या. गेल्या वर्षीइतकाच आहे ना?